बेडरूमचा टीव्ही आडवं पडून निवडायचा असतो

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. आधी मला काय समजलं ते सांगतो. ठाण्यात घोडबंदर रोडवर, कासारवडवलीला नव्या टॉवरमध्ये दोन बेडरूमचं घर. तुमची बेडरूम १० बाय ११. पलंगासमोरच्या १० फुटी भिंतीवर ६ फुटांचं कपाट, त्याच्या शेजारी ४ फूट मोकळी भिंत, आणि तिच्या मागे बाथरूम. हॉलमध्ये सासूबाई झोपतात, त्यामुळे रात्री तिथला टीव्ही बंद. मिस्टरांना रात्री फुटबॉल बघायचं असतं, तुम्हाला सकाळच्या शिफ्टसाठी पहाटे पाचला उठायचं असतं. बजेट ३० हजार. तुम्हाला ४३ इंची फोर-के क्यूएलईडी हवाय, मिस्टर म्हणतात ३२ पुरे, आणि दुकानदार म्हणतो, थोडे पैसे टाका, ५० घ्या.

भांडण इंचांचं आहे असं वाटतं, पण माझ्या मते खरा प्रश्न वेगळा आहे. एकाच खोलीत एक माणूस टीव्ही बघणार आणि एक माणूस झोपणार, आणि दोघांमध्ये अंतर दीड हात. हॉलच्या टीव्हीला ही अडचण कधीच नसते. म्हणून हॉलसाठी चांगला टीव्ही बेडरूमसाठी चांगला असेलच असं नाही.

मी बावीस-तेवीस वर्षं टीव्ही दुरुस्त करतो आणि बसवतो. कळव्याला दुकान आहे. ठाणे, कळवा, ऐरोली, घणसोली इकडचीच कामं. मी सुरुवात केली तेव्हा ‘फ्लॅट टीव्ही’ म्हणजे सपाट काचेचा, पण मागे हे एवढं मोठं पोट असलेला २१ इंची टीव्ही. तो बेडरूममध्ये ठेवायचा तर कोपऱ्यात तिकोनी स्टँड लागायचा आणि उचलायला दोन माणसं. आता भिंतीवर चार इंचांत सगळं मावतं, म्हणून लोक बेडरूमच्या टीव्हीचा फार विचारच करत नाहीत. ऑफर दिसली, घेतला, लावला. आणि महिन्याभराने फोन येतो, ‘मान दुखते, जरा खाली घेऊन द्याल का?’

पहिल्यांदा अंतर. खोली ११ फूट लांब म्हणून टीव्ही ११ फुटांवर असं नसतं. पलंगाची पाठ, तिला टेकलेली उशी, उशीला टेकलेले तुम्ही. डोळे मागच्या भिंतीपासून साधारण दोन फूट पुढे येतात. म्हणजे उरले ९ फूट. ही ९ फुटं धरूनच पुढचा हिशोब.

आता मोबाइल आडवा करून डोळ्यांपासून दीड फुटावर धरा, म्हणजे आपण पलंगावर पडल्या पडल्या धरतो तसा. आजकालच्या मोठ्या मोबाइलचा स्क्रीन आडवा साधारण १५ सेंटिमीटर भरतो. दीड फुटावरून तो डोळ्यांना जेवढा मोठा दिसतो, जवळपास तेवढाच ४३ इंची टीव्ही ९ फुटांवरून दिसतो. ३२ इंची तर त्याहून लहान दिसतो. म्हणूनच बेडरूममध्ये ३२ लावलेल्या कितीतरी घरांत मी पाहिलंय, चार महिन्यांनी टीव्ही बंद आणि माणूस पुन्हा मोबाइलवर. हातातला स्क्रीन मोठा दिसत असेल तर समोरचा कोण बघेल? मिस्टरांना एवढं सांगितलंत तरी ३२चा विषय बराचसा निकाली निघेल. अर्थात तुमची खोली ९ बाय ९ असती, किंवा कपाट पूर्ण भिंतभर असून टीव्ही त्याच्या दारावर किंवा फटीत लावायचा असता, तर अंतर सहा-साडेसहा फुटांवर आलं असतं आणि मी स्वतःच ३२ सांगितला असता. जुन्या सिडकोच्या घरांमध्ये मी आजही ३२च सुचवतो.

मग ५० का नको? इथे दुकानदार अगदी चुकीचं बोलत नाही. सिनेमाचा हिशोब लावला तर ९ फुटांना ६५ इंचीसुद्धा मोठा नाही. पण तो हिशोब अंधाऱ्या खोलीत सगळेच जागे आहेत असं धरून केलेला असतो. स्क्रीन मोठा झाला की नुसती रुंदी वाढत नाही, क्षेत्रफळ वाढतं, आणि खोलीत पडणारा उजेड क्षेत्रफळाच्या हिशोबाने वाढतो. ३२च्या मानाने ४३चं क्षेत्रफळ १.८ पट. ४३च्या मानाने ५०चं सुमारे १.३५ पट. गोल झाल्यावर हिरवं मैदान जाऊन एकदम पांढरी जाहिरात लागते ना, तेव्हा सगळी खोली ट्यूब लावल्यासारखी उजळते. तो उजेड तुमच्या पापण्यांवर पडणार. युरोपातले मोठे सामने आपल्याकडे रात्री साडेबारा नाहीतर दीडला सुरू होतात, म्हणजे तुमच्या झोपेच्या ऐन मध्यावर. शिवाय ५० इंची टीव्हीची रुंदी ४४ इंचांच्या आसपास. तुमच्या ४ फुटांत, म्हणजे ४८ इंचांत, तो जेमतेम बसेल आणि हलवायला जागा उरणार नाही. ही हलवायची जागा का लागते ते पुढे सांगतो, कारण तुमच्या खोलीतली खरी गोम तीच आहे.

त्याआधी उजेडाचंच संपवतो. दुकानात सगळे विचारतात, टीव्ही किती ब्राइट आहे? बेडरूमसाठी उलटं विचारा, किती मंद होतो? विक्रेता गोंधळेल, गोंधळू द्या. रिमोट मागून घ्या, पिक्चरच्या सेटिंगमध्ये जा आणि बॅकलाइट, म्हणजे स्क्रीनच्या मागच्या दिव्यांचा उजेड, शून्यावर आणा. काही कंपन्या त्याला बॅकलाइट म्हणतात, काही ब्राइटनेस म्हणतात, आणि काहींच्या मेन्यूत ब्राइटनेस म्हणजे भलतंच काहीतरी असतं. तो खाली आणला की उजेड तसाच राहतो आणि काळ्या रंगातले तपशील बुडून जातात. तसं दिसलं तर चुकीचा पर्याय हलवलात असं समजा आणि शेजारचा शोधा. खरा बॅकलाइट शून्यावर आणल्यावर शोरूमच्या दिव्यांखाली चित्र अगदी मलूल दिसलं पाहिजे. तसं दिसलं तर तो टीव्ही रात्रीला चांगला. शून्यावरही जर तो ऐटीत चमकत असेल तर सोडून द्या. स्वस्तातल्या काही टीव्हींमध्ये हा खालचा टप्पाच नीट दिलेला नसतो.

आणखी एक चाचणी. बॅकलाइट खाली आणलेला असताना स्क्रीनवर पांढरं चित्र आणा आणि स्क्रीनसमोर बोटं पसरून हात भरभर हलवा. बोटांची एकसंध धूसर पट्टी दिसली तर उत्तम. पंख्याच्या पात्यांसारखी सुटी सुटी बोटं दिसली तर तो टीव्ही उजेड कमी करण्यासाठी दिवे भराभर चालू-बंद करतोय. सगळ्यांनाच त्याचा त्रास होत नाही. पण ज्यांचं डोकं दुखतं त्यांचं खरंच दुखतं. तुमच्या घरात कुणाला अर्धशिशी असेल तर ही चाचणी जरूर करा.

मंद करण्याचा दुसरा फायदा माझ्या धंद्याला मारक आहे, तरी सांगतो. दुकानात येणाऱ्या एलईडी टीव्हींची एक ठरलेली तक्रार असते, ‘आवाज येतो, चित्र नाही.’ स्क्रीनला टेकवून टॉर्च मारला की आत चित्र पुसटसं चालू दिसतं. म्हणजे पॅनल, चित्र दाखवणारी पुढची काच, ठीक आहे; मागच्या एलईडीच्या पट्ट्या जळाल्यात. कारण बहुतेक वेळा एकच. बॉक्समधून काढल्यापासून टीव्ही पूर्ण उजेडावर, भडक रंगांच्या व्हिव्हिड मोडमध्ये, रोज सात-आठ तास. रात्रीच्या बेडरूममध्ये शंभरातला १५ ते २५ बॅकलाइट भरपूर होतो. पट्ट्या थंड राहतात, जास्त टिकतात. पट्टी बदलणं परवडतं हो, पण पॅनल उघडताना फुटण्याचा धोका असतो, आणि पॅनल फुटला तर त्याची किंमत ऐकून गिऱ्हाईक नवा टीव्हीच घेतं.

आता पॅनल. माहितीपत्रकात क्यूएलईडी, अमुक के, तमुक कोटी रंग असं सगळं असतं, आणि बेडरूमला ज्याची खरी गरज ती गोष्ट तिथे नसते. क्यूएलईडी म्हणजे साधा एलसीडीच, मागे तोच एलईडी बॅकलाइट, मध्ये रंग अधिक शुद्ध करणारा क्वांटम डॉटचा थर. रंग छान असतात, नाकारत नाही. पण ओएलईडीशी नाव जुळतं म्हणून लोक फसतात. ओएलईडीत प्रत्येक ठिपका स्वतः उजळतो आणि स्वतः विझतो, म्हणून काळं ते खरंच काळं. अंधाऱ्या बेडरूमला त्याच्यासारखं काही नाही. पण त्यातला सगळ्यात लहान टीव्ही ४२ इंची येतो आणि तो तुमच्या बजेटच्या कितीतरी पलीकडे. सोडून देऊ.

तुमच्या बजेटात प्रश्न एवढाच, पॅनल व्हीए की आयपीएस. एलसीडी पॅनलचे हे दोन प्रकार. व्हीए पॅनलचं काळं चांगलं काळं असतं. काळ्या-पांढऱ्यातला फरक साधारण ३००० पट किंवा जास्त. आयपीएसचा हाच फरक १००० पटींच्या आसपास, म्हणजे अंधारात काळं करडं दिसतं, राखाडी धुकं पसरल्यासारखं. उलट, बाजूने बघायला आयपीएस सरस. व्हीए बाजूने फिका पडतो. दिवसा, उजेडात, घोळक्याने बघायचं तर आयपीएस. रात्री, अंधारात, समोरून बघायचं तर व्हीए. कोणता आहे ते विक्रेत्याला बहुधा माहीत नसतं, आणि एकाच मॉडेलमध्ये वेगवेगळ्या लॉटला वेगळा पॅनल आलेला मी पाहिलाय. म्हणून स्वतः बघा. गडद दृश्य लावायला सांगा, समोर उभे राहा, मग चालत बाजूला जा. बाजूला गेल्यावर रंग पांढुरके पडले तर व्हीए. समोरूनही काळं धुरकट, पण बाजूला गेल्यावर रंग टिकले तर आयपीएस.

तुम्हाला व्हीए घ्या असं मी सांगेन, पण एक अडचण आहे, आणि ती म्हणजे तुमचं कपाट.

कागदावर मांडून बघा. समोरची भिंत १० फूट. कपाट ६ फूट, आणि ते भिंतीपासून २ फूट पुढे आलेलं. उरलेल्या ४ फुटांच्या मधोमध टीव्ही लावला तर तो कोनाड्यात बसल्यासारखा बसणार. पलंग ६ फुटी, दोन्ही बाजूंना चालायला दोन-दोन फूट. आता जो माणूस मोकळ्या भिंतीच्या बाजूला झोपतो त्याला टीव्ही जवळपास समोर, दहाएक अंश तिरका. पण जो कपाटाच्या बाजूला झोपतो त्याला सव्वीस-सत्तावीस अंश तिरका, आणि वर कपाटाची कड मध्ये येते. मी हिशोब केला. ४३ इंचीचा कपाटाकडचा दोन-अडीच इंच भाग त्याला दिसणारच नाही. ऐकायला थोडं वाटतं. पण कपाट डावीकडे असेल तर फुटबॉलचा स्कोअर असतो नेमका वर डाव्या कोपऱ्यात!

कपाटाच्या बाजूला कोण झोपतं ते तुम्ही लिहिलं नाही, आणि बरंचसं त्यावरच अवलंबून आहे. तुम्ही त्या बाजूला झोपत असाल तर हा दोष नाही, सोय आहे. टीव्ही मिस्टरांकडे वळवून लावला की त्यांना सरळ दिसेल आणि तुमच्यावर उजेड कमी पडेल. वर म्हटलं ना, व्हीए पॅनल बाजूने फिका पडतो. झोपणाऱ्या माणसाला तो फिकाच बरा. उलट मिस्टर त्या बाजूला झोपत असतील तर एकतर बाजू बदला (पंचवीस वर्षांच्या संसारात बाजू बदलायला कोणी तयार होत नाही हे मला माहीत आहे), नाहीतर टीव्ही भिंतीला चिकटवून लावू नका. बाहेर ओढता येणारा, वळणारा आर्मवाला ब्रॅकेट घ्या. टीव्ही पंधराएक इंच पुढे आला की कपाटाची कड आड येत नाही, आणि हवा तिकडे वळवता येतो. रविवारी दोघांनी मिळून बघायचं तर मधोमध, रात्री एकट्यासाठी एका बाजूला. म्हणून म्हटलं, हलवायला जागा हवी. ४३ इंचीची रुंदी ३८ इंच, तुमची भिंत ४८. दोन्ही बाजूंना पाच-पाच इंच उरतात. ५० इंचीला हे जमणार नाही.

एवढं ठरलं, ४३ इंची, जमल्यास व्हीए पॅनल, नीट मंद होणारा, वळणाऱ्या ब्रॅकेटवर. आता फोर-के, म्हणजे फुल एचडीच्या चौपट ठिपके असलेला स्क्रीन. पावणेसहा फुटांच्या पलीकडून बघताना ४३ इंचीवर फुल एचडी आणि फोर-के यांतला फरक चांगल्या नजरेच्या माणसालासुद्धा ठिपक्यांच्या पातळीवर कळत नाही. तेवढे बारीक ठिपके डोळा वेगळे करूच शकत नाही. तुम्ही ९ फुटांवर आहात. म्हणजे फोर-केसाठी म्हणून जास्त पैसे देऊ नका. गंमत अशी की तरीही तुम्ही फोर-केच घ्याल, आणि मीही तेच सांगेन. ४३ इंचीत फुल एचडीचे टीव्ही आता कंपन्यांच्या सगळ्यात खालच्या रांगेत असतात; त्यांत बोर्ड हलका, रॅम १ जीबी, पोर्ट दोनच. वर्ष-दीड वर्षात ॲप मोठी होतात आणि टीव्ही रिमोटचं बटण दाबल्यावर विचार करत बसतो. फोर-केमध्ये साधारणपणे २ जीबी रॅम आणि तीन एचडीएमआय पोर्ट मिळतात. त्याचे पैसे द्या. आणि पुढेमागे टीव्ही संथ झाला तर तो बदलायला धावू नका, मागे ॲप चालवणारी एक स्ट्रीमिंग स्टिक लावा, काम भागतं. टीव्हीचं सॉफ्टवेअर म्हणून गूगल टीव्ही बरा की टायझन की वेबओएस, यावर लोक तावातावाने बोलतात. तुम्हाला जे दोन-तीन ॲप लागतात ते रिमोटवरून पटकन उघडतात का एवढं दुकानात बघा, बास.

इंटरनेटबद्दल एक वाक्य जास्त बोलावं लागेल, कारण घोडबंदर रोडच्या नव्या टॉवरमध्ये ही तक्रार नेहमीची आहे. मायवानच्या, म्हणजे ॲल्युमिनियमच्या साच्यांत काँक्रीट ओतून बांधलेल्या इमारतींत आतल्या भिंतीसुद्धा काँक्रीटच्या असतात. राउटर हॉलमध्ये, टीव्ही बेडरूममध्ये, मध्ये दोन काँक्रीटच्या भिंती. ५ गिगाहर्ट्झचा वायफाय तिथपर्यंत अर्धमेला पोचतो. नेटफ्लिक्स स्वतः फुल एचडीला ५ आणि फोर-केला १५ एमबीपीएस वेग सांगते, म्हणजे गरज फार नाही, पण सामना ऐन रंगात असताना गोल गोल फिरणारं चाक नको असेल तर टीव्ही घेण्याआधी मोबाइल घेऊन त्या ४ फुटांच्या भिंतीजवळ उभं राहून वेग तपासा. तिथे मोबाइलला मिळत नसेल तर टीव्हीलाही मिळणार नाही.

आवाज. पातळ टीव्हीचे स्पीकर खाली किंवा मागे तोंड करून बसवलेले असतात, त्यामुळे रात्री आवाज कमी केला की संवाद आधी बुडतात आणि पार्श्वसंगीत तेवढं ऐकू येतं. मग आवाज वाढतो, मग तुम्ही जाग्या होता, मग पुढचं मला सांगायला नको. साउंडबार वगैरे बेडरूमला नको. टीव्हीला ब्लूटूथ हेडफोन जोडता येतो ना, एवढं पक्कं करा, आणि दुकानातच जोडून बघा, कारण काही टीव्हींवर ओठ आधी हलतात आणि आवाज मागून येतो. मेन्यूत आवाज पुढे-मागे करायची सोय असेल तर ते जुळवता येतं. नसेल तर तोच हेडफोन दुसऱ्या टीव्हीवर लावून बघा. फुटबॉलला एकवेळ चालून जाईल, बातम्या-मालिकांना अजिबात नाही.

स्लीप टायमर सगळ्यांत असतो, कोणी लावत नाही. मिस्टरांना लावायला सांगा. आणि टीव्ही बंद असताना जळणारा तो लाल ठिपका अंधारात फार टोचतो. मेन्यूत तो बंद करायचा पर्याय नसेल तर काळ्या इन्सुलेशन टेपचा छोटा तुकडा. रिमोटचा सेन्सर बहुतेक तिथेच शेजारी असतो, तो झाकू नका. टेप लावल्यावर ‘रिमोट बिघडला’ म्हणून आलेले फोन मी घेतलेले आहेत.

विजेचं बिल विचारलंय. ४३ इंची टीव्ही पूर्ण उजेडावर साधारण ८०-९० वॅट खातो. रोज तीन तास धरले तर महिन्याला आठएक युनिट, आणि बॅकलाइट खाली ठेवलात तर त्याहून बरंच कमी. त्याच खोलीतला एसी एखाद-दोन रात्रींत तेवढी वीज खातो. महावितरणच्या बिलाची काळजी करायची तर एसीपासून सुरुवात करा. स्टॅबिलायझरची गरज नाही, आजचे टीव्ही १०० ते २४० व्होल्टवर चालतात. विजेच्या अचानक झटक्यापासून वाचवणारा चांगला सर्ज प्रोटेक्टर मात्र लावा, आणि पावसाळ्यात ढगांचा गडगडाट सुरू झाला की प्लगबरोबर डिशची केबलही काढा. वीज त्या तारेनेही येते. हे लोकांना बोर्ड जळल्यावर कळतं.

किमतीचं थोडक्यात. ३२ इंचीपर्यंतच्या टीव्हीवर जीएसटी २०१९पासून १८ टक्के होता आणि त्याहून मोठ्यावर २८. त्यामुळे ३२ आणि ४३ यांच्यातली दरी उगाच मोठी वाटायची. २२ सप्टेंबर २०२५पासून मोठ्या टीव्हीवरही १८ टक्केच आहे. तुमच्या ३० हजारांत ४३ इंची चांगला टीव्ही, आर्म ब्रॅकेट आणि सर्ज प्रोटेक्टर एवढं बसवायचं आहे, म्हणून टीव्हीवरच सगळे संपवू नका. सोबत फुकट मिळणारा ब्रॅकेट जवळजवळ नेहमी भिंतीला चिकटवायचा असतो, तो तुमच्या कामाचा नाही. टीव्हीच्या पाठीवरच्या चार भोकांमधल्या अंतराचं माप विचारून घ्या; ४३ इंचीला बहुधा २०० बाय २०० मिलिमीटर असतं, पण बहुधा म्हणजे नेहमी नव्हे. घरी आल्यावर बॉक्स उघडताना व्हिडिओ काढा, आणि कंपनीचा माणूस असतानाच पूर्ण पांढरा, पूर्ण काळा असे दोन्ही स्क्रीन लावून बघा. आताच्या बिनकडेच्या टीव्हींचे पॅनल कडेला धरून उचलले तरी तडकतात, आणि तो तडा वॉरंटीत बसत नाही.

उंची. हॉलमध्ये आपण ताठ बसतो, बेडरूममध्ये रेलतो, म्हणून नजर थोडी वर जाते. दोन उशा घेऊन रोजच्यासारखे रेला, डोळे मिटा, मान सैल सोडा, मग उघडा. नजर भिंतीवर जिथे पडली तिथे दुसऱ्याने पेन्सिलची खूण करायची. तिथे स्क्रीनचा मध्य. साधारण जमिनीपासून साडेचार फुटांच्या आसपास येतो, पण तुमचा पलंग, तुमच्या उशा, तुमची उंची. ‘सगळे इतक्यावरच लावतात’ असं म्हणणाऱ्याचं ऐकू नका. तो उभा राहून लावतो. वर्तमानपत्राची पानं जोडून ३८ बाय २२ इंचांचा तुकडा करा, भिंतीला चिकटवा आणि दोन रात्री तसाच राहू द्या. टीव्ही थोडा खाली झुकवता आला की मान अजून सुखावते, आणि खिडकीचं किंवा ट्यूबचं प्रतिबिंबही टळतं.

आता भिंत. तुमची इमारत मायवानची असेल तर भिंत काँक्रीटची, आर्म ब्रॅकेटला उत्तम. फक्त साध्या ड्रिलने होणार नाही, हॅमर ड्रिल लागेल, आणि सोसायटीची ड्रिलिंगची वेळ बघा. ठोकून बघितल्यावर पोकळ, बद्द आवाज आला आणि ड्रिल मारताच पांढरी भुकटी लोण्यासारखी निघाली तर ती हलक्या सायपोरेक्स ब्लॉकची भिंत. त्यात नेहमीचे छोटे रावळ प्लग चालत नाहीत. टीव्ही आठ-नऊ किलोचाच असतो, पण आर्म बाहेर ओढला की वरच्या बोल्टवर ओढ कित्येक पटींनी वाढते. अशा भिंतीत ब्लॉकसाठीचे लांब नायलॉन प्लग लावा, किंवा आधी मागे प्लायची पाटी घट्ट बसवून तिच्यावर ब्रॅकेट.

आणि तुमच्या भिंतीमागे बाथरूम आहे, हे मला प्रश्न वाचल्यापासून खटकतंय. सांगतो का ते. दहाएक वर्षांपूर्वी ऐरोलीला एका घरात असाच बाथरूमच्या पाठच्या भिंतीवर टीव्ही लावत होतो. घाईत होतो. तिसरं भोक मारलं आणि ड्रिलबरोबर कोमट पाणी आलं. गिझरची गरम पाण्याची लाइन. मेन व्हॉल्व्ह बंद करेपर्यंत गादी भिजली, प्लंबर, टाइल, रंग, सगळा खर्च माझ्या खिशातून गेला, आणि तो जायलाच हवा होता. पाइप बहुधा नळाच्या सरळ वर किंवा सरळ बाजूला जातात, तिरके जात नाहीत, एवढाच आपल्याला आधार. शिवाय त्या भिंतीला ओल येते का हेही बघायला हवं. तळहात लावून थंड, दमट लागली, रंगाचे पोपडे सुटलेले दिसले, तर आधी बाथरूमचं वॉटरप्रूफिंग आणि मग टीव्ही. नाहीतर प्लग वर्षभरात सैल होतात आणि बोर्डावर हिरवट गंज चढतो.

तेव्हा ब्रॅकेटवाल्याला फोन करण्याआधी मेजरिंग टेप घेऊन बाथरूममध्ये जा. गिझर, शॉवर, नळ, सगळ्यांची दारापासूनची अंतरं मोजा, मग या बाजूला येऊन तीच अंतरं मोजून भिंतीवर पेन्सिलने छतापासून खालपर्यंत उभ्या रेघा मारा. त्या रेघा वर्तमानपत्राच्या तुकड्यातून कुठून कुठून जातात याचा एक फोटो काढून इथेच टाका, आणि कपाटाच्या बाजूला कोण झोपतं तेही लिहा. भोकं कुठे मारायची ते मी सांगतो.